रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखते

मुलाचे पोट वारंवार दुखू लागले, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरात सहसा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, काही सापडले नाही म्हणजे दुखणे खोलवरचे असणार, आता मोठ्या डॉक्टरांना दाखवले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, त्याला काही झालेले नाही, शाळा बुडवायची ही नाटके आहेत. भांडण कितीही रंगले तरी एका गोष्टीवर दोघांचे एकमत असते: दुखणे एक तर पोटात असते, नाही तर मनात. बालवैद्यकातले आजचे ज्ञान नेमके हे एकमतच चुकीचे ठरवते.

हा प्रश्न नवा नाही आणि दुर्मीळ तर मुळीच नाही. ब्रिस्टॉलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी नोरा नेश यांच्यासह १००० शाळकरी मुलांची पाहणी केली आणि ती १९५८ साली प्रसिद्ध केली. किमान तीन महिन्यांत किमान तीन वेळा, आणि तेही रोजचे व्यवहार अडावेत इतके पोट दुखणे, ही त्यांनी ठरवलेली कसोटी होती. दर १० मुलांमागे साधारण एक मूल या कसोटीत बसले. २०१५ साली जगभरातल्या अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा हे प्रमाण १३.५ टक्के निघाले. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात अशी पाचेक मुले असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात व्रण, सूज किंवा जंतुसंसर्ग असे काही सापडत नाही. पूर्वी अशा दुखण्याला नुसते 'कार्यात्मक', म्हणजे अवयव धड पण काम बिघडलेले, असे म्हणत. पचनविकारांचे निकष ठरवणाऱ्या 'रोम' समितीने २०१६ मध्ये या साऱ्या गटाला आतडे आणि मेंदू यांच्या परस्परव्यवहारातील विकार असे नाव दिले. पोटदुखीसह शौचाच्या तक्रारी, थोडेसे खाल्ले तरी पोट गच्च वाटणे, अधूनमधून तीव्र पोटदुखी आणि मळमळ होऊन मूल पांढरेफटक पडणे म्हणजे पोटाची मायग्रेन, आणि यांपैकी कशातच न बसणारी साधी पोटदुखी, हे सगळे त्यातच येतात.

भावना पोटावर परिणाम करतात हे डोळ्यांनी पाहिले गेले, त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन हे तेव्हा नवीनच निघालेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहत होते. मांजर शांत असताना जठर लयीत आकुंचन पावत असे आणि मांजर बिथरले की हालचाल थांबे. त्याला चुचकारून शांत केले की ती पुन्हा सुरू होई. १८९८ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. ताणाच्या वेळी मेंदूतून सुटणारी संप्रेरके जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात आणि मोठ्या आतड्याचा वेग मात्र वाढवतात, हे त्यानंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. परीक्षेच्या दिवशी सकाळी मुलाच्या घशाखाली पोह्यांचा घास उतरत नाही आणि त्याच वेळी त्याला दोनदा शौचाला पळावे लागते, यात विसंगती काही नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच घडामोडीचे भाग आहेत.

मेंदूकडून पोटाकडे आज्ञा जातात, हा या व्यवहाराचा लहान भाग झाला. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत १० कोटींहून अधिक चेतापेशींचे जाळे पसरलेले आहे आणि रोजचे बरेचसे काम ते मेंदूला न विचारता उरकते. पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस या मोठ्या चेतेतील सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे असतात. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हेही अलीकडे पुष्कळांच्या कानावर आलेले असते आणि त्याच्या आधारे 'मन प्रसन्न ठेवणारा आहार' विकलाही जातो. मात्र आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. ते आतड्याची हालचाल आणि तिथल्या संवेदना यांसाठी वापरले जाते. त्यामुळे अमुक फळ खाल्ले की मूल आनंदी होईल, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

या मुलांच्या बाबतीत कळीचा मुद्दा संवेदनशीलतेचा आहे. गुदाशयात किंवा जठरात एक छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवण्याची एक चाचणी संशोधनात वापरली जाते. निरोगी मुलांना ज्या दाबाला फक्त भरल्यासारखे वाटते, त्याच दाबाला यांतल्या अनेक मुलांना दुखते. नुकत्याच खरचटलेल्या गुडघ्यावर साधे पाणी पडले तरी झोंबते, त्यात पाण्याचा दोष नसतो आणि झोंबणे खोटेही नसते, तसेच हे आहे. आतड्यातून वायू सरकणे, जेवणानंतर जठर ताणले जाणे, अशा ज्या घडामोडी इतरांच्या ध्यानातही येत नाहीत, त्या या मुलांच्या मेंदूपर्यंत दुखणे म्हणून पोहोचतात. सोनोग्राफीत किंवा रक्तात चेतांची ही अवस्था दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. भीती, काळजी आणि अपुरी झोप यांमुळे मेंदू येणाऱ्या संदेशांकडे अधिक लक्ष देऊ लागतो आणि दुखणे वाढते. दुखणे वाढले की काळजी वाढते.

'रविवारी बरे दुखत नाही याचे पोट', हा घरातला नेहमीचा पुरावा इथे तपासून पाहण्यासारखा आहे. ताण उतरल्यावर दुखणे उतरते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. दमा असलेल्या मुलाला धूळ नसलेल्या खोलीत बरे वाटले तर त्याचा दमा ढोंगी होता, असे आपण म्हणत नाही. रविवारच्या पुराव्याचा खरा उपयोग वेगळा आहे. सोमवारी शाळेत असे काय आहे की मुलाच्या पोटात गोळा यावा, हे शोधायची दिशा तो देतो.

सुरुवात नेहमी मनाकडूनच होते, असेही नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे छोटे गाव आहे. मे २००० मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू मिसळले आणि हजारो लोकांना जुलाब-उलट्यांनी गाठले. तिथल्या मुलांचा पुढे आठ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. संसर्ग झालेल्या मुलांपैकी १०.५ टक्के मुलांना इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चेतांच्या अतिसंवेदनशीलतेतून होणारा आतड्याचा त्रास, जडल्याचे आढळले, तर संसर्गातून सुटलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण २.५ टक्के होते. जंतू केव्हाच गेले होते, त्यांनी चाळवलेल्या चेता मात्र पूर्ववत झाल्या नव्हत्या. दूषित पाण्यामुळे पोट बिघडणे ज्या प्रदेशात पावसाळ्यागणिक घडते, त्या आपल्याकडे 'जुलाब झाले होते तेव्हापासून हे सुरू झाले' हे आईचे वाक्य डॉक्टरांनी लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच ठोस आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा पोटदुखीसाठी दवाखान्यात आलेल्या ३३२ मुलांना मोठे होईपर्यंत पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, यांपैकी ५१ टक्के मुलांना आयुष्यात केव्हा ना केव्हा चिंतेचा विकार झालेला होता. पोटदुखी नसलेल्या मुलांच्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. विशेष म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत चिंता पोटदुखीच्या तपासणीआधीपासूनच होती, फक्त ती कोणी विचारली नव्हती. मूल 'मला काळजी वाटते' असे सहसा म्हणत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ती भावना वेगळी ओळखताच येत नाही, त्यामुळे ते बेंबीवर हात ठेवते आणि इथे दुखते म्हणते.

मन आणि आतडे यांची गाठ सर्वांत उघडपणे दिसते ती बद्धकोष्ठात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एकदा खडा झाला, शौचाच्या वेळी दुखले, कदाचित चीर पडून रक्त आले. पुढच्या वेळी कळ आली की ते पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कडेला जाते, चवड्यांवर उभे राहते, पाय एकमेकांत घट्ट अडकवते आणि लालबुंद होते. आईवडिलांना वाटते, बिचारे जोर करते आहे. प्रत्यक्षात ते सगळे बळ लावून शौच आत धरत असते. काही मिनिटांत कळ जाते आणि सुटका झाली असे मुलाला वाटते. रोखलेला मळ मोठ्या आतड्यात पडून राहतो, त्यातले पाणी शोषले जाते, तो आणखी मोठा आणि टणक होतो, आणि पुढच्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त दुखते. असे महिनोन्महिने चालले की गुदाशय ताणून सैल पडतो आणि तो भरला आहे ही जाणीवच बोथट होते. मग साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. हे मुलाच्या हातात नसते, त्याला कळतही नाही. घरी मात्र 'एवढा घोडा झाला तरी' हे ऐकावे लागते, शाळेत वास येतो म्हणून शेजारचे मूल बाक बदलते, आणि कधी कधी तो पातळ मळ पाहून जुलाब थांबवण्याचे औषधही दिले जाते. मूल हिरमुसते, एकलकोंडे होते. मुळात भीतीतून आलेला विकार आता लाज आणि अपमान निर्माण करू लागतो.

इथे समजूत घालून भागत नाही आणि नुसत्या औषधानेही भागत नाही. साचलेला मळ आधी औषधाने पूर्ण बाहेर काढावा लागतो. त्यासाठी आज सहसा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पाण्यात विरघळणारी भुकटी देतात. त्यानंतर शौच मऊ ठेवण्यासाठी तेच औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत काही महिने चालू ठेवावे लागते, कारण ताणलेला गुदाशय मूळ आकाराला यायला आणि मुलाच्या मनातली दुखण्याची आठवण पुसली जायला तेवढा वेळ लागतो. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून औषध बंद करणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. याच्या जोडीला जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शौचाला बसवावे, कारण जेवल्यावर मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते. कमोड असेल तर पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट द्यावा, आणि शौच झाली नाही तरी शांतपणे बसल्याचे कौतुक करावे. साबणाची कांडी घालण्यासारखे घरगुती उपाय त्या क्षणापुरते काम करतात, पण त्या जागेविषयीची भीती दुपटीने वाढवतात. शाळेतले स्वच्छतागृह हाही वैद्यकीय मुद्दाच मानला पाहिजे. कडी नसलेले दार आणि कोरडा नळ यांमुळे दिवसभर पाणीच न पिणाऱ्या, सकाळी सातपासून दुपारपर्यंत सगळे रोखून धरणाऱ्या मुली प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांना नुसते पपई व पालेभाज्या खायला सांगणारा सल्ला अर्धाच राहतो.

मनाचा विचार करायचा म्हणजे तपासणी टाळायची असा अर्थ कोणी काढू नये. वजन घटणे किंवा उंची वाढायची थांबणे, शौचातून रक्त, हिरवट किंवा वारंवार उलटी, गिळायला त्रास, गाढ झोपेतून उठवणारे दुखणे किंवा जुलाब, कारण न सापडणारा ताप, सांधेदुखी, बेंबीपासून दूर एका ठरावीक जागी, विशेषतः उजवीकडे खाली दुखणे, घरात क्षयरोगी किंवा आतड्याच्या दाहाचा अथवा सीलिॲक विकाराचा (म्हणजे गहू न सोसण्याचा) रुग्ण असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी शारीरिक कारण शोधले पाहिजे. अचानक सुरू होऊन वाढत जाणारी तीव्र पोटदुखी तर त्याच दिवशी दाखवावी. आपल्याकडे जंत, जिआर्डिया या आतड्यातील परजीवीचा संसर्ग आणि पोटाचा क्षय या शक्यता ध्यानात ठेवाव्या लागतात. ही लक्षणे नसतील आणि मुलाची वाढ चांगली असेल, तर रक्त, लघवी आणि शौच यांच्या मोजक्या तपासण्या पुरेशा असतात. त्यापुढची प्रत्येक नवी तपासणी मुलाला 'माझ्यात काही तरी भयंकर दडले आहे' हाच निरोप देते.

सोनोग्राफीचा एक शेरा तर अनेक घरांची झोप उडवतो. रिपोर्टमध्ये आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी दिसत असल्याची एक ओळ असते आणि ती नातेवाइकांपर्यंत 'पोटात गाठी झाल्यात' अशी पोहोचते. कोणी तरी क्षयाचे नाव काढते. वास्तविक या ग्रंथी प्रत्येक मुलात असतात, साध्या सर्दी-तापानंतरही फुगतात, आणि ज्या मुलांचे पोट कधीच दुखलेले नाही त्यांच्यातही सोनोग्राफीत दिसतात. ८ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या, एकमेकींना न चिकटलेल्या ग्रंथी, तब्येत उत्तम असलेल्या मुलात सापडल्या तर सहसा त्यांचा पोटदुखीशी संबंध नसतो. हे समजावून सांगायला दवाखान्यात पाच मिनिटे लागतात. ती दिली गेली नाहीत तर पुढचे सहा महिने मूल 'गाठींचा पेशंट' म्हणून जगते, त्याला खेळायला पाठवत नाहीत, डबा वेगळा होतो, आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा पोटाची चौकशी करतो.

या चौकशीचा परिणाम मोजला गेला आहे. व्हँडरबिल्टच्याच लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना पोट भरल्यासारखे वाटेपर्यंत पाणी प्यायला दिले, म्हणजे पोटात थोडी अस्वस्थता येणारच. काही पालकांना मुलाच्या त्रासाकडे लक्ष देऊन सहानुभूती दाखवायला सांगितले होते, काहींना विषय दुसरीकडे वळवायला, आणि काहींना कोणतीच सूचना नव्हती. सूचना नसलेल्या गटाशी तुलना करता, सहानुभूतीच्या गटात मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि विषय वळवणाऱ्या गटात त्या निम्म्यावर आल्या. पोटदुखी असलेल्या मुलांच्या पालकांना मात्र विषय वळवणेच अधिक अपायकारक वाटत होते. याचा अर्थ मुलाला झिडकारावे असा नाही. दुखते आहे हे एकदा मान्य करावे, आजीने हिंगाचा लेप लावला तर लावू द्यावा, पोट शेकावे, आणि मग दिवस नेहमीसारखा पुढे न्यावा. सकाळी उठल्या उठल्या 'आज दुखतंय का रे' हे विचारणे बंद करणे हा बिनखर्चाचा पण अतिशय अवघड उपाय आहे. शाळेला सुट्टी, मऊ भात, हातात मोबाइल आणि शेजारी बसलेली आई, हे सगळे फक्त दुखल्यावरच मिळत असेल, तर मुलाने मुद्दाम काही न करताही त्याचे शरीर ते शिकते.

शाळा शक्यतो बुडू देऊ नये. फार दिवस खंड पडला असेल तर अर्ध्या दिवसापासून सुरुवात करावी, वर्गशिक्षिकांना कल्पना द्यावी आणि मधेच शौचाला जायची मुभा मागून घ्यावी. त्याबरोबरच सोमवारचे कोडे उलगडले पाहिजे. बसमध्ये कोणी छळते का, घरात भांडणे आहेत का, आजोबा नुकतेच गेले का, क्लासच्या वेळेमुळे झोप तुटते का, हे विचारावे. हुशार दिसणारे मूल वाचनात अडखळत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी, कारण महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळतात आणि त्या मिळाल्यावर पोटाचाही भार हलका होऊ शकतो. मूल एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा जागेला टाळत असेल तर लैंगिक छळाची शक्यताही मनात धरावी. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा मानसोपचारांच्या बाजूने आहे, हे पुष्कळ पालकांना खटकते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २०० मुलांच्या कुटुंबांपैकी काहींना फक्त तीन बैठका देण्यात आल्या. मुलांना शिथिलीकरण आणि भीतीदायक विचार पारखायला शिकवले, पालकांना त्रासाला प्रतिसाद कसा द्यावा हे शिकवले. नुसती आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या कुटुंबांपेक्षा या मुलांच्या वेदना अधिक कमी झाल्या. नेदरलँड्समधील २००७ च्या अभ्यासात पोटावर लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहन उपचाराने एका वर्षानंतर ८५ टक्के मुले बरी होती, नेहमीच्या उपचारांच्या गटात २५ टक्के. अभ्यास ५३ मुलांचाच होता, आणि असे प्रशिक्षित उपचारक सगळीकडे मिळतही नाहीत, पण श्वासावर लक्ष ठेवून पोट सैल सोडण्याचा सराव कोणताही समुपदेशक शिकवू शकतो. औषधांची बाजू तुलनेने लंगडी आहे. अमिट्रिप्टिलिन या औषधाच्या २००९ मधील चाचणीत औषध घेणाऱ्या ६३ टक्के मुलांना बरे वाटले, आणि औषध नसलेल्या गोळीने ५७.५ टक्के मुलांना. प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपकारक जिवाणूंच्या, पुड्यांविषयी सध्या जेवढा उत्साह आहे तेवढा पुरावा नाही. दूध, गहू, तिखट असे एकेक पदार्थ अंदाजाने बंद करत जाणे तर वाढत्या वयात नुकसानच करते.

उरतात ती मुले, ज्यांच्या पोटात खरोखर दिसणारा आजार आहे. सीलिॲक विकारात गहू आयुष्यभर वर्ज्य असतो. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ असल्यामुळे घरातले जेवण निभावते, पण बाजारातल्या बहुतेक खड्या-पुडीच्या हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत वरणसुद्धा नाकारावे लागते आणि वर्गातल्या वाढदिवसाचा केक रोज कोणाचा तरी असतो. किशोरवयात हे वेगळेपण असह्य होऊन पथ्य गुपचूप मोडले जाते. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या आतड्याच्या दाहात शरीरातील दाह स्वतःच थकवा आणि उदासी आणतो, स्टेरॉइडमुळे चेहरा सुजतो आणि मूड बिघडतो. अशा मुलाला पोटाच्या डॉक्टरांबरोबर मनाच्या डॉक्टरांचीही गरज असते, आणि त्याची सोय पहिल्या काही भेटींतच व्हावी. याच मुलांमध्ये एक पेच नेहमी येतो: दाह आटोक्यात आलेला असतो, तरी पोट दुखतच राहते. तेव्हा शौचातील कॅलप्रोटेक्टिन हे दाहाची खूण असलेले प्रथिन तपासतात. ते वाढलेले असेल तर दाहाचे औषध बदलावे किंवा वाढवावे लागते. ते नॉर्मल असेल तर बहुधा चेतांची अतिसंवेदनशीलता मागे उरलेली असते, आणि तिच्यासाठी स्टेरॉइडची मात्रा न वाढवता वर सांगितलेल्या मार्गानेच जावे लागते.